ज्येष्ठांचं ड्रायव्हिंग: कायदा काय सांगतो आणि घरच्यांनी काय तपासायचं

खासगी गाडीच्या लायसन्सला किमान वय आहे, कमाल वय नाही. सत्तरी किंवा ऐंशी ओलांडली की चावी खाली ठेवा, असं मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कुठंही लिहिलेलं नाही. म्हणून 'आईनं स्कूटर आता सोडावी का', 'बाबांना रात्री गाडी चालवू द्यावी का' हे प्रश्न आरटीओच्या खिडकीवर सुटत नाहीत, ते घरातच सोडवावे लागतात. बहुतेक घरांत होतं असं की सगळे वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि एक दिवस कुठंतरी धडक बसली की मुलगा चावी काढून घेतो. या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखं बरंच असतं. ते कोणत्या क्रमानं करायचं, ते इथं लिहिलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जन्मतारीख बघून कुणाचं ड्रायव्हिंग बंद करू नका, डोळे, हातपाय आणि लक्ष तपासा. आणि थांबवायची वेळ आलीच तर आधी येण्याजाण्याची दुसरी सोय उभी करा, चावीचं नंतर बघा.

कायद्यात नेमकं काय आहे

२०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनाच्या लायसन्सची मुदत वयानुसार ठरते. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं, ३० ते ५० या वयात काढलं किंवा नव्यानं करून घेतलं तर दहा वर्षं, ५० ते ५५ मध्ये साठीपर्यंत, आणि पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाच वर्षं. म्हणजे ७४ व्या वर्षी नूतनीकरण केलेलं लायसन्स ७९ पर्यंत चालेल.

चाळिशीनंतर प्रत्येक नूतनीकरणाला नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते नोंदणीकृत डॉक्टरनं द्यायचं असतं आणि त्यातले प्रश्न चांगले आहेत. फिट किंवा चक्कर येते का, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येण्याइतके कान चांगले आहेत का, आणि चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट चष्म्यासह वाचता येते का. हा कागद प्रामाणिकपणे भरला गेला तर अर्धं काम तिथंच होईल. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अर्जदाराला खुर्चीतून न उठवता शिक्का मारून दिला जातो, आणि याचा मला मनापासून राग येतो. ते प्रमाणपत्र म्हणजे डॉक्टरनं रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना दिलेली हमी आहे.

आणखी चार कलमं घरच्यांना माहीत हवीत. कलम १६ प्रमाणे आजार किंवा शारीरिक अक्षमतेमुळे एखादी व्यक्ती गाडी चालवायला योग्य राहिलेली नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं किंवा नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतं. त्यासाठी मुदत संपायची वाट पाहावी लागत नाही. कलम १८६ प्रमाणे, आपल्या आजारामुळे इतरांना धोका आहे हे ठाऊक असूनही गाडी चालवली तर पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १८१ विनालायसन्स चालवणाऱ्याला लागू होतं आणि कलम १८० अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकाला. दोन्हींत ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे वडिलांच्या लायसन्सची मुदत संपली आहे आणि गाडी मुलाच्या नावावर आहे, तर मुलगाही अडकतो. बऱ्याच घरांत हे कुणाच्या डोक्यातही नसतं.

निष्काळजीपणामुळे जीवितहानी झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, आणि तिथं वयाची सूट नाही.

मग नवा कडक कायदा हवा का?

देशातल्या रस्त्यांवर २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयाची होती, आणि सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. त्यामुळे 'म्हाताऱ्यांना रस्त्यावरून हटवा' ही मागणी आपल्या इथल्या अपघातांचं मूळ कारण सोडून भलतीकडेच बोट दाखवते. ज्येष्ठ चालक सहसा हळू जातात, दारू पिऊन चालवत नाहीत, पट्टा लावतात. त्यांचा धोका वेगळ्या जागी असतो: चौकातलं उजवं वळण, रात्रीचा झगमगाट, पेडलची गल्लत. शिवाय जी धडक तिशीतला माणूस सहन करतो, तीच पंच्याहत्तरीच्या शरीराला झेपत नाही. वयाबरोबर अपघाती मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं, त्यात या नाजूकपणाचा वाटा मोठा आहे.

जगभर या प्रश्नावर वेगवेगळी उत्तरं शोधली गेली आहेत. जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर लायसन्स नव्यानं करताना स्मरण आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला होता, असा निष्कर्ष न्यायालयानं काढला आणि २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. अपघाताच्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. मे २०२२ पासून तिथं पंच्याहत्तरीपुढच्या ज्या चालकांच्या नावावर ठरावीक नियमभंग आहेत, त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते.

ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं, पण ते स्वतःच्या घोषणेवर. प्रिन्स फिलिप यांनी जानेवारी २०१९ मध्ये सँड्रिंगहॅमजवळ झालेल्या अपघातानंतर पुढच्याच महिन्यात, वयाच्या ९७ व्या वर्षी, लायसन्स परत केलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंच्याहत्तरीनंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि पंच्याऐंशीपासून दर दोन वर्षांनी रस्त्यावरची चाचणी असते. ज्यांना ही चाचणी नको असते, ते घराजवळच्या ठरावीक अंतरापुरतं मर्यादित लायसन्स घेऊ शकतात. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात वयावरून अशी सक्तीच नाही, तरीही तिथल्या ज्येष्ठ चालकांची स्थिती वाईट दिसलेली नाही.

मला सर्वांत विचार करायला लावते ती फिनलंड आणि स्वीडनची तुलना. सत्तरीनंतर फिनलंडमध्ये वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, स्वीडनमध्ये नव्हती. १९९० च्या दशकात संशोधकांनी दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा मोटारींच्या अपघातांत फिनलंडला फायदा दिसला नाही. उलट तिथं पायी चालणाऱ्या वृद्धांचे मृत्यू जास्त निघाले. गाडी सोडलेल्या माणसाचं बाहेर पडणं थांबत नाही, तो पायी रस्त्यावर येतो. महाराष्ट्रातल्या किती शहरांत त्याला चालायला मोकळा फुटपाथ आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या घराबाहेर पाहावं. डेन्मार्कनं तर वयावर आधारलेली सक्तीची तपासणी २०१७ मध्ये काढूनच टाकली.

माझं मत असं: आपल्याकडे नवी वयोमर्यादा नको, आहे तो नमुना १-अ खरा भरला जावा. पंच्याहत्तरीनंतर पाच वर्षांची मुदत मात्र मला लांब वाटते. मोतीबिंदू पाच वर्षं थांबत नाही. ती दोन-तीन वर्षांवर आणावी आणि न्यू साउथ वेल्ससारखं मर्यादित लायसन्स इथंही असावं. पण कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर घरात करता येतं ते करूया.

पहिली पायरी: लायसन्सवरची तारीख

आजच कार्ड काढून मुदत पाहा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत होती, ती आता नाही, त्यामुळे मुदत संपल्यावर एक दिवसही चालवू नका. संपल्यापासून वर्षभरात अर्ज केला तर चाचणीशिवाय नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं तर वाहन चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. सत्तरीच्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

अर्ज परिवहन संकेतस्थळावरच्या 'सारथी' विभागात होतो. राज्य निवडा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाका, नूतनीकरण निवडा, नमुना १-अ जोडा, शुल्क भरा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. एजंटला कागद देऊन प्रमाणपत्रासकट सगळं 'करून घेणं' टाळा. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांगा, "डॉक्टर, नीट तपासूनच द्या."

मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि समोरच्याला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते.

दुसरी पायरी: डोळे

यावर सर्वांत जास्त वेळ द्या. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेडच पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं. त्यात समोरून अप्पर लावून गाडी आली की दिपलेले डोळे पुन्हा जुळवून घ्यायला जास्त वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात गाडी बरंच अंतर पुढे गेलेली असते. दिवसा नंबरप्लेट वाचणारा माणूस रात्री रस्त्याकडेला उभा असलेला, टेल लाइट नसलेला ट्रॅक्टर पाहू शकेल, असं मुळीच नाही.

घरी करायची चाचणी सोपी आहे. सकाळच्या उजेडात, सोसायटीच्या आवारात टेपनं २५ मीटर मोजा. तिथं अशी मोटार हवी की जिचा नंबर ज्येष्ठांना पाठ नाही. दुचाकीची प्लेट घेऊ नका, तिच्यावरची अक्षरं लहान असतात. रोजचा चष्मा लावून आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून नंबर वाचायला सांगा. अडखळले तर गाडी त्या दिवसापासून बंद आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. वाचला तरीही वर्षातून एकदा डोळे दाखवाच, कारण या चाचणीत काचबिंदू सापडत नाही.

काचबिंदूत बाजूची नजर हळूहळू जाते आणि माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही. समोरचं स्वच्छ दिसत असतं, पण डावीकडून घुसणारी स्कूटर दिसत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर फक्त चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. डोळ्यांतला दाब, पडदा आणि बाजूच्या नजरेची, म्हणजे व्हिज्युअल फील्डची तपासणी मागा. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच. थेंब घालून बाहुली मोठी केली की त्या दिवशी गाडी दुसऱ्यानं चालवायची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कधी सुरू करायचं, ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. ही शस्त्रक्रिया झाल्यावर अनेकांचं रात्रीचं दिसणं इतकं सुधारतं की थांबवायचा विषयच मागे पडतो.

तिसरी पायरी: औषधांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यातलं काय घेतल्यावर गाडी चालवू नये? सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), पायांच्या मुंग्यांसाठी दिलेली प्रीगॅबालिन, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, रक्तदाबाचं नव्यानं सुरू केलेलं औषध. यांतल्या काहींनी गुंगी येते, काहींनी उठताना अंधारी. स्वतःच्या मनानं कोणतीही गोळी बंद करू नका. वेळ बदलून किंवा दुसरं औषध देऊन डॉक्टर बहुतेकदा मार्ग काढतात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर अचानक उतरण्याचा धोका खरा आहे. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला, किंवा जेवणाची वेळ टळली असताना, गाडी काढायची नाही. लांब जायचं असेल तर निघण्यापूर्वी साखर मोजा आणि ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवा, डिकीत नको. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की गाडी कडेला.

पक्षाघात, तो येऊन गेल्यासारखं काही मिनिटं झालं असेल ते, हृदयविकाराचा झटका, शुद्ध हरपणं, फिट: यांपैकी काहीही झालं असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट 'हो' म्हणेपर्यंत गाडी बंद.

चौथी पायरी: शरीर आणि लक्ष

घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात. खुर्चीवर बसून, खांदे न वळवता, मान दोन्हीकडे किती वळते? मागची बाजू कळण्याइतकी वळत नसेल तर रिव्हर्स आणि लेन बदलणं अंदाजावर चाललेलं आहे. दुसरी, दहा फूट भरभर चालत जाऊन परत यायला सांगा. दहा सेकंदांहून जास्त लागत असतील तर ब्रेकवर पाय पोचण्याच्या वेगाबद्दलही शंका घ्यावी. तिसरी, कोऱ्या कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा. आकडे एका बाजूला गोळा झाले, काटे चुकले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटायचं. ही निदानं नव्हेत, पुढच्या तपासणीची गरज आहे का, एवढंच त्यांतून कळतं. गुडघा बदलला असेल तर भौतिकोपचारतज्ज्ञांचा सल्ला वेगळा घ्या.

पाचवी पायरी: शेजारी बसा आणि बघा

कोणत्याही कागदापेक्षा ही पायरी जास्त सांगते. भरधाव रस्ता नको आणि मोकळाही नको. त्यांच्या नेहमीच्या वाटेनंच निघा, पाऊण तास. त्यात सिग्नल नसलेल्या चौकातलं एक उजवं वळण, रंग न मारलेला एखादा स्पीडब्रेकर, उड्डाणपुलावर किंवा हायवेवर शिरणं, आणि मंडईजवळ रिव्हर्स पार्किंग असू द्या. वाटेत काही बोलू नका, सूचना देऊ नका. घरी आल्यावर लिहून काढा.

काय बघायचं? सिग्नल उशिरा लक्षात येतो का. मागून हॉर्न वारंवार वाजतात का. वळताना आरसा आणि मान, दोन्हींचा वापर होतो का. समोरच्या गाडीपासून अंतर किती. डावी बाजू किती घासून जाते. बंपर आणि गेटच्या खांबावरचे ओरखडे नवे आहेत का, आणि ते कधी पडले हे त्यांना सांगता येतं का. एखादी गोष्ट इथंतिथं चुकली तर घाबरू नका, अशा चुका तरुणही करतात. पण पुढच्या गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी गाडी थांबवा: ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये गोंधळ, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, लाल सिग्नल तोडला हे सांगितल्यावरही न आठवणं, किंवा तुम्हाला ओरडून स्टिअरिंग धरावं लागणं.

आपल्या घरांत आणखी एक खूण असते आणि ती सहज नजरेतून सुटते. आई शेजारी बसून सतत सांगत असते, "अहो, डावीकडून रिक्षा येतेय", "पुढं स्पीडब्रेकर आहे." वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते संसाराचा भाग वाटतं. पण आई सोबत नसताना बाबा गाडी काढायचं टाळत असतील, तर गाडी दोघं मिळून चालवत आहेत असं समजा.

दुचाकीचं वेगळं बोलायला हवं

पुण्यात, नाशकात, सांगलीत हजारो ज्येष्ठांचं सगळं बाहेरचं आयुष्य स्कूटरवर चालतं. परदेशातल्या चर्चा मोटारीच्या असतात, आपला प्रश्न दुचाकीचा जास्त आहे. इथं अपघाताला दुसरं वाहनही लागत नाही. खड्डा, ओला रंगीत पट्टा, वाळू, उभ्या स्कूटरचा गेलेला तोल, एवढ्यावर खुब्याचं हाड मोडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेतू शकतो.

मैदानात पाहा: गाडी मुख्य स्टँडवरून एकट्यानं काढता येते का, चालण्याच्या वेगानं सरळ रेषेत नेता येते का, पाय न टेकता अरुंद वळण घेता येतं का, मागं वळून पाहताना हँडल हलतं का. यांत दोन ठिकाणी अडलं तर दुचाकी सोडायची वेळ झाली. गिअरच्या मोटारसायकलवरून बिनगिअरच्या हलक्या स्कूटरवर येणं हा मधला टप्पा चांगला, पण मोटारीपेक्षा दुचाकी आधी सुटावी, असंच मी म्हणेन. हेल्मेट आयएसआय चिन्हाचं, बंद लावलेलं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा.

सहावी पायरी: गाडी आणि मर्यादा

सीट इतकी वर हवी की बॉनेटपुढचा रस्ता दिसेल, छातीपासून स्टिअरिंग वीतभर किंवा थोडं जास्त लांब. काचा आतूनही पुसा, आतल्या धुरकट थरामुळे रात्रीचा झगमगाट वाढतो. जुलै २०१९ नंतरच्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर असतातच, जुन्या गाडीला बसवून घेता येतात.

क्लचचा पाय दुखतो म्हणून ऑटोमॅटिक घ्यायचा विचार असेल तर घ्या, पण पहिल्या दिवशी वाहतुकीत नको. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय पूर्ण विश्रांतीला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानं. चाळीस वर्षांची क्लचची सवय असलेला पाय गडबडीत चुकतो. रिकाम्या मैदानात काही दिवस सराव झाल्यावरच रस्त्यावर या.

मर्यादा ज्येष्ठांनी स्वतः ठरवाव्यात, आपण सोबत बसून लिहाव्यात. दिवस मावळल्यावर नाही. जोराच्या पावसात नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि घाट दुसऱ्यानं चालवायचे. गणपतीत कोकणात जाताना तर नक्कीच. सलग तासाभराहून जास्त नाही. शाळा सुटण्याची आणि ऑफिसं सुटण्याची वेळ टाळायची. बिनसिग्नलचं उजवं वळण लागणारच असेल तर थोडा वळसा घालून सिग्नलच्या चौकातून वळायचं. ही यादी दर सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक आजारपणानंतर, पुन्हा पाहायची.

सातवी पायरी: विषय काढणं

रविवारी जेवताना, जावयासमोर, नातवंडांसमोर हा विषय काढू नका. एकानंच, शांतपणे बोलावं. वयावर बोलू नये, पाहिलेल्या गोष्टीवर बोलावं.

"बाबा, बंपरला नवा ओरखडा दिसला. रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का तुम्हाला?"

"त्रास कुणाला होत नाही? सगळे अप्पर लावूनच चालवतात."

"ते खरंच आहे. पण डोळे दाखवून बरेच दिवस झाले ना? शनिवारी मी येते, आपण जाऊ. तोवर रात्रीचं रिक्षानं जा. डॉक्टर काय म्हणतात ते बघून पुढचं तुम्हीच ठरवा."

यात कुणी चावी मागितलेली नाही. पहिल्या बोलण्यात एवढंच पुरे. आपल्या मुलांपेक्षा डॉक्टरांचं ऐकणारे पुष्कळ असतात, म्हणून तपासणीच्या आधी डॉक्टरांना तुमची निरीक्षणं लिहून द्या. "काका, सहा महिने रात्रीची गाडी नको" हे डॉक्टरांनी म्हटलेलं घरात भांडण न होता पाळलं जातं.

काहीही केलं तरी ऐकत नसतील आणि धोका उघड असेल, तर आरटीओला लेखी कळवून कलम १६ प्रमाणे वैद्यकीय प्रमाणपत्र मागवण्याची विनंती करता येते. वडिलांविरुद्ध अर्ज करणं मुलांना जड जातं, हे मी समजू शकते. पण रस्त्यावर दुसऱ्या कुणाचंतरी मूल असतं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं असेल तर चावी नजरेआड ठेवणं, गाडी दुसरीकडे हलवणं योग्यच आहे. ज्यांची बुद्धी शाबूत आहे त्यांच्याशी मात्र असली लबाडी करू नका. बॅटरीची वायर काढून 'गाडी बिघडली' म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

आठवी पायरी: सोय आधी, थांबणं नंतर

ज्येष्ठ आठवड्यात कुठं कुठं जातात, ते लिहा: मंडई, देऊळ, बँक, दवाखाना, कट्ट्यावरची मित्रमंडळी, लेकीचं घर. प्रत्येकासमोर गाडीशिवायची वाट लिहा. कट्टा आणि देऊळ ही 'गरज' नाही म्हणून कापू नका, माणूस खचतो तो तिथंच. नोव्हेंबरमधला पेन्शनरांचा हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'वर डिजिटल काढता येतो, ती एक फेरी वाचते.

वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, पार्किंग यांची बेरीज करा, बाराने भागा आणि ती रक्कम दर महिन्याला 'रिक्षाचे पैसे' म्हणून वेगळी काढून त्यांच्याच हातात द्या. दर वेळी मुलाकडे मागावं लागलं तर ते बाहेर पडणंच सोडतात. ओळखीचा एक रिक्षावाला ठरवा, तासावर येणारा एक ड्रायव्हर हाताशी ठेवा. एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. गाडी अजून चालू असतानाच या सगळ्याची सवय लावा, आठवड्यातून एक-दोन फेऱ्या अशाच होऊ द्या.

थांबायचं ठरल्यावर लायसन्सचं वेगळं काही करावंच लागतं असं नाही. नूतनीकरण केलं नाही की ते संपतं, आणि ओळखीसाठी आधार आहेच. फक्त दुचाकी सोडायची असेल तर सारथीवर वाहनाचा तेवढा वर्ग परत करण्याचा पर्याय आहे. गाडी विकताना नमुना २९ आणि ३० वर सह्या करून विषय संपला असं समजू नका. आरसी खरेदीदाराच्या नावावर झाली का, ते परिवहन संकेतस्थळावर पाहत राहा, तोवर त्याची चलानं तुमच्या नावावर येतील. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.